चवथीला ओलाफकाका

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यातल्या डिचोलीच्या मूळ घरात इतकी माणसं जमतात की मत नाही असा विषयच उरत नाही. माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीत, नारळांचा घड कुठे बांधायचा, नेवऱ्यांत म्हणजे करंज्यांत सारण कमी का, मूर्तीचे डोळे यंदा मोठे झाले का. या वर्षी त्यात पुतणीच्या पुस्तकाची भर पडली. घरात ‘वाचणारा’ म्हणून माझं नाव झालेलं, त्यामुळे निवाड्याला मला बसवलं.

पुस्तक होतं ‘अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्‌स’ या मालिकेतलं पहिलं. १९९९ ते २००६ या काळात तिचे १३ भाग निघाले. लेखक म्हणून नाव लेमनी स्निकेटचं. खरा लिहिणारा डॅनियल हँडलर. आईवडील आगीत जातात. मागे उरतात व्हायोलेट, क्लाउस, दिसेल ते चावणारी तान्ही सनी आणि भरपूर पैसा. त्या पैशावर टपलेला लांबचा नातेवाईक काउंट ओलाफ. हे वाचू नका, काहीतरी आनंदी वाचा, असं लेखक आधीच बजावतो. असं बजावल्यावर कुठली मुलगी पुस्तक खाली ठेवील?

आत्येनं मुखपृष्ठ बघूनच निकाल दिला. “देव घरात बसलाय आणि तू मेलेल्या आईबापांचं वाचतेस? मिट तें!”

आजीला मात्र गोष्ट ऐकायची होती. पुतणी मराठीत सांगत होती आणि प्रत्येक प्रकरणानंतर आजी विचारत होती, “मागीर कितें जालें?” ऐकून झाल्यावर ती आत्येकडे वळली. “श्रावणात चिलयाची गोष्ट तूच मागायचीस. चांगुणेनं पोराचं डोकं उखळात कांडलं तरी जागची हलत नव्हतीस.”

“पण चिलया शेवटी उठून येतो गो आई!”

इथे आत्येचं बरोबर होतं. स्निकेटकडे कुणी उठून येत नाही. दुसऱ्या भागात सापांचा अभ्यासक अंकल माँटी मुलांना जीव लावतो आणि मारला जातो. शंकर प्रसन्न बिसन्न होत नाही. मी हे बोलून दाखवलं. झालं! आजी माझ्याशी बोलेना आणि आत्ये मला स्वतःच्या पक्षात धरून आणखी एक पातोळी वाढू लागली.

मग वकील काका. ओलाफ नाटकाच्या निमित्तानं चौदा वर्षांच्या व्हायोलेटशी खरंखुरं लग्न लावायला बघतो, हे कानावर पडताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “हा मनुष्य गोव्याचा असणार. आपल्याकडे वेगळा करार नसेल तर लग्न झालं की मालमत्तेत नवराबायको निम्मेनिम्मे. मात्र मुलगी लहान, नोंदणी व्हायची नाही. आणि सही कुठे आहे?”

“सही स्वतःच्या लिहित्या हातानं हवी आणि ती मुद्दाम डाव्या हातानं करते काका. म्हणून लग्न फुकट जातं.”

काकांनी पहिल्यांदाच तिच्याकडे एखाद्या ज्युनियरकडे बघावं तसं बघितलं. सहीवरून बोलणं इन्व्हेंटरीवर, म्हणजे वारसांतल्या मालमत्तेच्या वाटणीवर गेलं, इन्व्हेंटरीवरून आमच्या परसातल्या माडांवर. त्या माडांचे नारळ आजवर कोण पाडून नेतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि ती व्यक्ती त्या वेळी पाटावर बसून नेवरी खात होती. तिला एकदम ठसका लागला.

“मिस्टर पो!” पुतणी माझ्या कानात म्हणाली. मुलांची व्यवस्था बघणारा हा बँकवाला पुस्तकभर खोकतच असतो, आणि समोर ओलाफ उभा असला तरी त्याला ओळखत नाही.

माझी तक्रार खरं तर हीच होती. ओलाफ दर वेळी नवं सोंग घेऊन येतो, घोट्यावरचा डोळ्याचा गोंदवलेला छाप लपवतो, मुलं ओळखतात आणि मोठी माणसं नाही. एकदा ठीक, दोनदा ठीक. पुढेपुढे कंटाळा येतो. पण मी हे सांगायला तोंड उघडलं तेव्हा आत्ये त्या ठसकेवाल्याला पाणी देऊन पाठ चोळत म्हणत होती, “सावकाश खा रे. किती भोळा हा!” मी तोंड मिटलं.

दीड दिवसानं विसर्जन झालं. निघताना आत्येनं पुतणीला दम भरला, “पुढच्या वर्षी असलं काही आणायचं नाही.” गाडी सुरू झाली तशी तिनं काच खाली करायला लावली आणि विचारलं, “त्या सापवाल्याला मारलं कुणी, तेवढं सांगून ठेव.”