आठ माणसं, एक पास्ता

युरोपच्या टूरसाठी व्हिसा, थर्मल आणि चिवड्याची पाकिटं यांची तयारी तुम्ही करालच. राहून जाते ती रोमच्या त्रात्तोरियात, म्हणजे तिथल्या घरगुती खानावळीत, जेवायला बसण्याची.

तिथली रात्रीची स्वयंपाकघरं साधारण साडेसातला सुरू होतात. तुम्ही सहालाच जाऊन दार ठोठवा आणि आप्पांच्या शुगरच्या गोळीची वेळ झाल्याचं मराठीतून समजावून सांगा. आत घेतलं की मेन्यू उजवीकडून वाचायला घ्या. प्रत्येक आकड्याला शंभराने गुणून गुणाकार मोठ्याने म्हणा. "पंधराशेचा पास्ता! एवढ्यात आपल्याकडे अख्खं कुटुंब जेवेल." पंधराशेच्या पास्त्यावर एकदा हळहळून झालं की मग दुसऱ्या पदार्थाकडे वळा.

या लोकांचं जेवण पायरीपायरीने चालतं. आधी अंतिपास्तो म्हणजे सुरुवातीचं थोडंसं खाणं, मग प्रिमो म्हणजे पास्ता किंवा रिसोत्तो हा भाताचा प्रकार, त्यानंतर सेकोंदो म्हणजे मांस-मासे, सोबत कोंतोर्नो म्हणून भाजी, शेवटी दोल्चे म्हणजे गोड. एवढं सगळं रोज तेही खात नाहीत. एका प्रिमोवर उठणारे भरपूर असतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण ही माहिती तुमच्या उपयोगाची नाही. तुम्ही सांगा, "सगळं एकदमच आणा, आम्ही वाटून घेऊ." पंगतीत वरणभाताआधी ताकभात वाढला तर ज्या काकांचा पारा चढतो, त्यांनाच हे बोलायला लावा. वजन पडतं.

एक तीळ सात जणांनी वाटून खाणारी आपली संस्कृती, तिथे काचो ए पेपे नावाच्या एका पास्त्याचा काय पाड! पेकोरिनो चीज, मिरपूड आणि पास्त्याचं पिठूळ पाणी एवढंच त्यात असतं, आणि ते गरम आहे तोवरच मऊसूत राहतं. तेव्हा आधी फोटो काढा. मग व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आत्यांना दाखवा. त्यानंतर ताटली घड्याळाच्या दिशेने फिरवा. ती आठव्या माणसापर्यंत पोचेस्तोवर चीजचे गोळे झालेले असतील आणि काकू म्हणतील, "कच्चंच आहे गं, एक शिट्टी कमी पडली." हे वेटरलाही सांगायला विसरू नका.

पिझ्झा माणशी एक असतो आणि बऱ्याचदा न कापता, सुरी-काट्यासह येतो. तुम्ही मात्र एकच मागवून आठ तुकडे करायला सांगा. 2023च्या उन्हाळ्यात कोमो सरोवराकाठच्या एका बारने सँडविच मधोमध कापल्याचे 2 युरो बिलात लावले होते. त्याच सुमारास लिगुरियातल्या फिनाले लिगुरेत एका बाईंनी लहान लेकीला पेस्तो पास्ता चाखवण्यासाठी रिकामी ताटली मागितली, तर तिचेही 2 युरो लागले. इटलीभर ओरड झाली. (इटालियन लोकच चिडले होते, हे लक्षात ठेवा, भांडताना दाखला म्हणून चालेल.) सुरक्षित मार्ग म्हणजे घरून स्टीलच्या ताटल्या न्या. चेक-इन बॅगेत डाळीच्या पिठाशेजारी छान बसतात.

शाकाहारी मंडळींनी "नो मीट, नो फिश, नो एग" असं तीनदा बजावून झाल्यावर पास्त्यावर पार्मिजानो रेज्जानो भरपूर किसून घ्यावं. ते वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या विरजणानेच विरजतात, पण चीज म्हणजे शेवटी दूधच की! मासळीवर चीज तिथे वर्ज्य, म्हणून मांसाहारींनी तेच चीज शिंपल्यांच्या स्पगेत्तीवर घालून वेटरच्या तोंडाकडे बघावं. कोलोसियमहून बघण्यासारखं असतं, आणि तिकीट नाही.

जेवणानंतर दोन कापुचिनो चौघांत. तिथे कापुचिनो सकाळचं पेय मानतात, म्हणून घड्याळ दाखवून सांगा की भारतात आत्ता पहाट व्हायला आली आहे.

बिल आपणहून आणणं तिकडे असभ्य समजतात, मागावं लागतं. तुम्ही मागू नका. तासभर बसून राहा आणि सर्व्हिस किती ढिली आहे यावर चर्चा करा. बिल आलंच, तर त्यावर कोपेर्तो शोधा, म्हणजे माणशी बसण्याचे पैसे. रोम ज्या प्रांतात आहे त्या लाझिओने 2006 साली कायदा करून तो बंद केला, तेव्हापासून तिथे पावाचे पैसे लावतात. "पाव आम्ही मागितलाच नव्हता," असं ठणकावून सांगा. फक्त त्याआधी उरलेला पाव काकूंच्या पर्समधून बाहेर डोकावत नाही ना, ते बघून घ्या.

आणि उठताना बडीशेप मागा. नाही म्हणाले, तर 2 युरो कमी करायला सांगा.