नियमावली आणि गोषवारा

जगातलं सर्वांत बीभत्स म्हणून गाजलेलं पुस्तक मेट्रोत वाचायचं, म्हणून मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. फ्रेंच लेखक मार्क्विस द सादचं 'द १२० डेज ऑफ सोडोम'. १७८५ साली पॅरिसच्या बास्तील तुरुंगातल्या कोठडीत बारा मीटर लांब गुंडाळीवर लिहिलेलं. छापायला १९०४ उजाडलं. मला मात्र लोकमान्यनगरपासूनच जांभया सुरू.

सुभाषनगरला एक काका शेजारी टेकले. डोक्याला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि उन्हाला उतारा म्हणून एक कांदा. बसल्या बसल्या मान थेट माझ्या पुस्तकात. मी पान झाकलं.

"राहू द्या ना, वाचून राह्यलो मी."

पान नियमावलीचं होतं. चार धनाढ्य नराधम किल्ल्यात कोंडून घेतात, पण अनाचाराआधी वेळापत्रक!

"दहाले उठतात?" काकांचा चेहरा पडला. "मंग पानी कोन भरते?"

"काका, किल्ला आहे. नोकर आहेत."

"तरी."

संध्याकाळी सहा ते दहा कथाकथन. रोज पाच विकृती, महिन्याला दीडशे. काकांनी ओठांतल्या ओठांत गुणाकार केला. "चार महिन्याचे सहाशे. बराबर. शेवटी गोषवारा देल्ला का?"

दिला आहे हो! खरंच दिला आहे. मी शेवटची पानं काढून दिली. काकांनी पेन काढून हवेतच बेरीज केली. "आधीचे मेले दहा, मंगचे वीस, वापस गेले सोळा. एकूण सेहेचाळीस. जुयते."

"माणसं मारलीत, काका. पोरंसुद्धा आहेत त्यांत."

"हो, पन हिशेब चोख हाय."

माझी चिडचिड इथंच आहे. पळवून आणलेल्या पोरांचे हाल वाचताना पोटात ढवळायला हवं. साद त्यांना अनुक्रमांक देतो आणि आपण पुढचा आकडा बघतो. त्यातही नीट लिहिलाय पहिलाच भाग, उरलेले तीन म्हणजे नुसती टाचणं. ती गुंडाळी फ्रान्स सरकारनं २०२१ मध्ये साडेपंचेचाळीस लाख युरोंना घेतली. यावर 'बंडखोर प्रतिभा' वगैरे लिहिणाऱ्या विद्वानांना कुणीतरी मधलं एखादं पान विचारा. बघू किती जण सांगतात.

झाशी राणी चौक आला. काका उठले, कांदा चाचपला आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अकाउंट्सची परीक्षा देऊन राह्यले का? चांगलं हाय. या वयात कोन अभ्यास करते!"