हिवाळ्यातही पाणी फिरतं

‘हिवाळ्यात किनाऱ्यावर फोटो काढण्याचे पाच नियम’ या नावाचा मेसेज आठवडाभर सगळीकडे फिरतोय. आधी गावच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या मैत्रिणींच्या. मी दुर्लक्ष केलं. परवा तोच पुण्याहून भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, पौर्णिमेला आम्ही चौघी हरिहरेश्वरला येतोय. सूर्यास्ताला कातळावर जाणार." तिला लगेच फोन केला. बाकीच्यांच्या मुलांसाठी इथे लिहितेय.

मेसेजचा पहिला नियम असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, त्यामुळे भरती-ओहोटी बघायची गरज नाही, कातळाच्या टोकापर्यंत बिनधास्त जावं.

समुद्र शांत असतो, हे खरं. पावसाळ्यातल्या लाटा डिसेंबरात नसतात. पण लाटा वाऱ्याने उठतात आणि भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. चंद्र काही पावसाळ्यापुरता उगवत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत लहान, हे बाराही महिने चालतं.

आता भाचीने निवडलेला दिवस बघा. आमच्याकडे भरतीचा साधा हिशेब आहे, वडिलांनी शिकवलेला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वा अकरा. त्यानंतर सहा तासांनी, साडेपाचच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. उधाणाची ओहोटी असल्याने पाणी खूप लांब गेलेलं असतं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो आणि माणूस पुढे पुढे जात राहतो. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे सगळे कॅमेऱ्यात डोळा घालून उभे असतात, तेव्हा त्यांच्या पायाखालचं पाणी अर्ध्या तासापूर्वीच फिरलेलं असतं.

आणि ते फिरलेलं कळत नाही. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशेबाने पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. पहिला तास काही घडतच नाही असं वाटतं. नेमका तोच सूर्यास्ताचा तास. साडेसहापर्यंत काळोख पडतो आणि मग पाणी वेगाने यायला लागतं, तेही आधी मागच्या घळीतून, परतीच्या वाटेवर. शेवाळ आलेला कातळ, त्यावर कालवांच्या धारदार कडा, हातात तिपाई. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग ओहोटीतच करायचा असतो, तो याच कारणाने. कालवं काढायला जाणाऱ्या बायका जन्मभर तिथे वावरलेल्या असतात, पण पाणी फिरलं की कोयता-टोपली उचलून निघतात. त्यांना जे धाडस करावंसं वाटत नाही, ते मेसेज लिहिणाऱ्याला कुठून सुचलं?

तरीही पटत नसेल तर 1 फेब्रुवारी 2016 आठवा. पुण्याहून मुरुडला सहलीला आलेली 14 कॉलेजची मुलं त्या दिवशी बुडाली. भर हिवाळा, दिवसाची वेळ, किनारा वाळूचा. तिथीही अष्टमीच्या आसपासची, म्हणजे उधाणसुद्धा नव्हतं. मेसेजच्या भाषेत तो ‘शांत समुद्र’च होता. हा एक दाखला मला पुरतो.

बाकीच्या नियमांना इतकं लिहिण्याची गरज नाही. पण पक्ष्यांचा नियम वाचून संताप आला: कुरवांचा थवा बसलेला दिसला की धावत जावं किंवा खडा मारावा, उडताना फोटो छान येतो. हिवाळ्यात आपल्या वाळूवर दिसणारे कुरव, चिखले, तुतारी यांतले बहुतेक मध्य आशिया-सायबेरियाकडून आलेले असतात. ओहोटीच्या मोजक्या तासांत त्यांना पोट भरायचं असतं आणि मार्च-एप्रिलमधल्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. दर रविवारी दहा जणांनी दहा वेळा उठवलं तर ते खाणार कधी? फरसाण टाकून जवळ बोलवा, हा त्याच नियमातला पुढचा सल्ला. मासे-खेकडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं खारट पीठ घालू नका. वाळूवर गप्प बसून राहा, वीस मिनिटांत चिखले स्वतःच जवळ येतात. माझे चांगले फोटो तसेच आलेत.

फोन ‘वॉटरप्रूफ’ असेल तर समुद्रात बुडवून फोटो काढा, हा तिसरा. वॉटरप्रूफपणाची चाचणी गोड्या पाण्यात होते, खाऱ्या पाण्यासाठी फोन नाही असं कंपन्याच सांगतात. चौथा ड्रोनचा. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, इथवर बरोबर. पण म्हणून तो कुठेही उडवता येत नाही, रेड झोनचा, म्हणजे परवानगीशिवाय उड्डाणाला बंदी असलेल्या भागांचा, नियम त्यालाही आहे. पाचवा, हिवाळ्यात संध्याकाळचा प्रकाश सुंदर असतो, हा मात्र मान्य.

भाचीला तारीख बदलायला लावली. चतुर्थीला ये म्हटलं. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सूर्यास्ताला पाणी उतरत असतं. मागे ओल्या वाळूचा आरसा राहतो आणि आभाळ त्यात अख्खं उतरतं. कातळावर जायचंच नाही, वाळूवरच उभं राहायचं. मी सोबत असणार आहे.