तीन कुंड्यांचा बागायतदार

भाजीवाली जोवर पिशवीत वरून मूठभर मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या टाकत होती, तोवर मिरची ही विकत घ्यायची वस्तू आहे हे आमच्या डोंबिवलीत कुणाच्या गावीही नव्हतं. मग एके दिवशी तिने ‘मिरच्या दहाच्या देऊ का?’ असं विचारलं आणि माझ्यातला शेतकरी खवळून उठला. दहा रुपये वाचवण्यासाठी मी कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, हिरवी जाळी आणि एक फवारणीचा पंप आणला. बायकोने हिशेब मांडून दाखवला की ही मिरची हापूसच्या भावात पडणार. मी म्हटलं, शेतीत पहिल्या वर्षी हिशेब मांडत नसतात.

बी दोन ठिकाणांहून आलं. सासरे उमरेडचे. त्यांनी भिवापुरी मिरचीचं बी पाठवलं. भिवापुरीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ते स्वतःलाच मिळाल्याच्या थाटात बोलतात. दुसरं बी ऑफिसातल्या जोरहाटच्या मित्राचं, भूत जोलोकियाचं. 2007 साली गिनीज बुकाने हिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं, दहा लाख स्कोव्हिलच्या वर. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधतज्ज्ञाने 1912 मध्ये ही मोजणी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा, चाखणाऱ्याला झोंबायचं थांबेपर्यंत. किती पट पातळ करावा लागला, तो आकडा. पुढे हिच्याहून जहाल वाण आले आणि विक्रम गेला. आता ती नुसती माजी विश्वविजेती आहे, असं सांगून मी तिला घरात घेतलं.

भिवापुरी वेळेवर उगवली. जोलोकियाला ऊब लागते आणि ती महिनाभरसुद्धा वाट बघायला लावते. म्हणून तिचा ट्रे मी वायफायच्या राउटरवर ठेवला. तेव्हापासून घरात नेट अडकलं की मुलगी मिरचीच्या नावाने बोटं मोडायची.

खरा छळ पुढे सुरू झाला. रोपं वीतभर होतात न होतात तोच पानं आक्रसून गोळा झाली. पुस्तकात याला चुरडा-मुरडा म्हणतात, शेतकरी म्हणतात बोकड्या. पांढरी माशी विषाणू घेऊन येते, तर फुलकिडे आणि कोळी नावाची बारीक कीड रस शोषून पानाची तीच गत करतात. कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी, असं जाणकार सांगतात. माझ्या झाडाची काही पानं वर वळली होती, काही खाली.

सोसायटीत ज्यांच्या खिडकीत साधी तुळस जगत नाही, त्या सगळ्यांकडे यावर उपाय होता. तळमजल्याने राख सांगितली, पहिल्या मजल्याने आंबट ताक, तिसऱ्याने हिंगाचं पाणी. मी कुणाचंच मन मोडलं नाही. पानं होती तशीच राहिली, फक्त बाल्कनीत कढीचा वास सुटला.

शेवटी कल्याणला एका कृषी सेवा केंद्रात गेलो. दुकानदाराने वर न बघताच विचारलं, “क्षेत्र किती?”

“बाल्कनी आहे.”

“गुंठे किती?”

“कुंड्या. तीन.”

मग मात्र त्याने वर बघितलं. “हे औषध दोनशे लिटर पाण्याला आहे,” तो म्हणाला. माझा पंप एक लिटरचा. मागे मुरबाडकडचे एक खरेखुरे शेतकरी उभे होते, त्यांनाच माझी दया आली. “साहेब, फार आकसलेलं झाड उपटून टाका. बाकीच्यांवर निंबोळी अर्क मारा, पिवळा चिकट सापळा लावा.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि मिरची बाजारातून आणा.”

पिवळ्या सापळ्याला पहिल्याच दिवशी काही माश्या आणि बायकोची ओढणी चिकटली. माश्या कमी झाल्या हे मात्र खरं. ओढणीबद्दल आमच्याकडे अजून बोललं जातं.

मे महिन्यात फुलं आली आणि पारा चढला तशी टपाटप गळाली. पस्तिशीच्या वरचं ऊन मिरचीच्या फुलाला सोसत नाही. मिरचीचं फूल आपल्याच परागाने फळतं, जरा हलवलं की काम होतं, असं वाचून मी पहाटे उठून उरल्यासुरल्या फुलांना टिचक्या मारू लागलो. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी बायकोला खालच्या आवाजात विचारलं, “सगळं ठीक आहे ना घरी?”

पावसाळ्यात मिरच्या धरल्या. त्या लाल झाल्या त्याच दिवशी बुलबुल आला आणि निवांत खाऊन गेला. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पक्ष्यांना झोंबतच नाही. मिरचीने त्यांना मोकळं सोडलंय, कारण ते बी न चावता दूर नेऊन टाकतात. दाढांनी बी भरडणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा सगळा बंदोबस्त आहे. हा जाळ मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) झोंबतो, तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. नोबेल त्यांना, मिरची बुलबुलला आणि टिचक्या मारायला मी.

उरलेल्यातली अर्धी जोलोकिया बायकोने फोडणीत टाकली. खाट उठली ती जिन्यातून चौथ्या मजल्यापर्यंत गेली. आपल्या डीआरडीओने याच मिरचीचे हातगोळे बनवलेत, ते उगाच नाही. खालून वॉचमन खोकत वर आला आणि विचारू लागला, “साहेब, औषध कोण मारतंय?”

तेवढ्यात सासरे आले. “हे का तिखट म्हणता जावईबुवा? आमच्याकडे लेकरं खातात जी,” असं म्हणून त्यांनी जोलोकियाचा देठाजवळचा तुकडा, आतल्या पांढऱ्या गाभ्यासकट, भाकरीसोबत तोंडात टाकला. (खरं तिखट त्या गाभ्यात असतं, बियांत नाही. हे मी सांगणार होतो, पण जावयाने किती बोलावं?) ते गप्प झाले. कान आधी लाल झाले, मग टक्कल. बायको पाणी घेऊन धावली. पाण्यात कॅप्सेसिन विरघळत नाही, दुधातलं केसीन हे प्रथिन ते धरतं, असं म्हणत मी दुधाचं पातेलंच पुढे केलं. सासऱ्यांनी ते उभ्यानेच तोंडाला लावलं. बऱ्याच वेळाने आवाज परत आला. म्हणाले, “बरी आहे. पण भिवापुरीची चव नाही.”

त्यांना नको झालेल्या मिरच्या मी डब्यांत भरून शेजारीपाजारी वाटल्या. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून कुणाकडून चकल्या आल्या, कुणाकडून पोहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या डब्यात मात्र आमच्याच सात मिरच्या होत्या, काळ्या दोऱ्यात ओवलेल्या, सोबत एक लिंबू. “स्कूटरला बांधा,” काकू म्हणाल्या. बांधलंय. तिच्या सीटवर झोपणारं सोसायटीचं मांजर आता दुसऱ्या विंगमध्ये राहायला गेलंय.