आयझॅकराव, आधी माझा माउस दुरुस्त करा

'डेड स्पेस' हा २००८ सालचा गेम. इशिमुरा नावाचं अवाढव्य खाणजहाज अंतराळात गप्प झालंय आणि आयझॅक क्लार्क नावाचा इंजिनिअर दुरुस्तीसाठी तिथे पोचतो. जहाजावरची बहुतेक माणसं मेलेली, आणि त्यांच्या प्रेतांचे झालेले नेक्रोमॉर्फ भिंतीतल्या जाळ्या फोडून अंगावर येतात. ते ठीक आहे, त्यासाठीच तर आपण दिवे मालवून, हेडफोन चढवून बसतो. पण कॉम्प्युटरवर खेळताना पहिला घाम फोडतो तो माउस. आपण हात झटकतो आणि आयझॅक मात्र मागून हाक मारलेल्या नवरदेवासारखा मुंडावळ्या सांभाळत वळतो. तोवर मागच्याने मान उपटलेली असते.

दोष गेममधल्या व्ही-सिंकचा. चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसू नये म्हणून ही सोय असते. इथे ती सुरू केली की गेम सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर अडकतो आणि माउस जडावतो. बरं, नुसती बंद करावी, तर फ्रेम मोकाट सुटतात आणि गेमचं भौतिकशास्त्र, म्हणजे वस्तू हलण्या-पडण्याचं गणित, बिघडतं. मेलेलं प्रेत थरथरायला लागलं की ते खरंच मेलंय का, या शंकेपायी माणूस दोन गोळ्या फुकट घालवतो.

म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक बंद करा आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरू करा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर कंट्रोल पॅनलच्या थ्रीडी सेटिंगमध्ये 'प्रोग्राम सेटिंग्ज' उघडून गेमची एक्सई फाइल (जिच्यामुळे गेम सुरू होतो ती) जोडा, 'व्हर्टिकल सिंक' ऑन करा आणि 'मॅक्स फ्रेम रेट' ६० वर बांधा. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा मॉनिटर असला तरी ६०च. इथे मिरवायचं नाही. माउसची सेन्सिटिव्हिटी मात्र हे सगळं झाल्यावरच लावा, नाहीतर दोनदा लावावी लागते.

एवढी खटपट कशाला, तर या गेममध्ये डोकं उडवून भागत नाही, हातपाय तोडावे लागतात. प्लाझ्मा कटर या आयझॅकच्या हत्याराची रेघ आडवी-उभी फिरवून धावत्या पायावर धरायची म्हणजे नेम इंचाइंचाचा. पहिला कटर मिळतो तिथे भिंतीवर रक्ताने लिहिलेलंच आहे, त्यांचे अवयव तोडा म्हणून. त्या भल्या माणसाने मरता मरता व्ही-सिंकचीही एक ओळ खरडायला हवी होती. सामानाची यादीसुद्धा आयझॅकच्या पुढ्यात हवेत उघडते आणि गेम थांबत नाही. म्हणजे औषध शोधत बसलात की नेक्रोमॉर्फ शिस्तीत रांगेला लागतात.

सेव्ह करायचं ते भिंतीवरच्या ठरावीक स्टेशनांवरच. गेम मध्येच कोसळला तर थेट मागच्या स्टेशनापासून सुरुवात, म्हणून मला तर राक्षसापेक्षा गोठलेला पडदा जास्त भिववतो. स्टेशन दिसलं की सेव्ह, अगदी दोन मिनिटांपूर्वी केलं असलं तरी.

माउसची खरी परीक्षा चौथ्या प्रकरणात. जहाजावर उल्का आदळत असतात, आयझॅक तोफेवर बसतो आणि जहाजाच्या कवचाचा आकडा शंभरावरून घसरू लागतो. जड माउसने हे पार करणं म्हणजे निव्वळ छळ. ६० फ्रेमवर तोफा हाताच्या तालावर फिरतात, दूरची उल्का आधी टिपता येते. तरीही आकडा शून्यावर गेला, तर माउसचं नाव घ्यायची सोय उरत नाही.