«आधी आपली मंडळी, मग जग»: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गावातच ढीगभर काम पडलंय, बाहेर माणूस कशाला पाठवायचा? आपल्या मंडळ्या गरीब आहेत, त्यांना हे परवडत नाही. जागतिक मिशन ही वसाहतवादाची देणगी आहे. शिवाय आता मोबाइलवर सगळं पोहोचतं. यातल्या तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. बाकी तिन्ही टिकत नाहीत.

«आधी घरचं काम संपवा.»

घरचं काम कोणत्याच पिढीत संपलेलं नाही. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 13 उघडा. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे व शिक्षक नावानिशी दिले आहेत: बर्णबा, शिमोन, लूक्य, मनाएन आणि शौल. त्यांपैकी दोघांना मंडळीने वेगळं करून पाठवलं, आणि तेही सर्वांत अनुभवी. अध्याय 11 मध्ये हीच मंडळी दुष्काळात यहूदीयातल्या बांधवांना मदत धाडते. हे सगळं एका नव्या मंडळीने केलं. पहिल्या अध्यायातलं यरुशलेम, यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट हे चौघे «आणि»ने जोडलेले आहेत. एक पूर्ण झाल्यावर दुसरं, अशी अट तिथे नाही.

«गरिबांना परवडत नाही.»

या मुद्द्याचं नुकसान सर्वांत मोठं, कारण तो नम्रतेचा वेश घेऊन येतो. जर्मनीतल्या हेर्नहूट या वस्तीची सुरुवात 1722 मध्ये मोराव्हियातून आलेल्या निर्वासितांनी केली. दहाच वर्षांत, 1732 साली, तिथून लिओनार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निचमन हा सुतार कॅरिबियन बेटांकडे निघाले.

आपल्याच देशातलं उदाहरण मिझोरामचं. तिथे 1910च्या सुमारास सुरू झालेली पद्धत आजही चालते. स्वयंपाकाला बसताना घरची बाई मूठभर तांदूळ वेगळा काढते, महिला मंडळ तो गोळा करतं, विकतं आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. त्यातून मिझो मिशनरी राज्याबाहेर काम करतात. मुष्टिफंड महाराष्ट्राला नवा नाही, म्हणून हिशोब करून पाहा. मूठ 50 ग्रॅमची धरली आणि दिवसात दोनदा काढली, तर महिन्याला एका घराचे 3 किलो होतात. शंभर घरांचे 300 किलो. किलोला 40 रुपये मिळाले तर महिन्याला 12,000 रुपये. एका मिशनरी कुटुंबाचा सगळा खर्च यात भागणार नाही, पण दोन-तीन मंडळ्या एकत्र आल्या तर भागेल.

पैसा कमी पडतो त्यापेक्षा योजना जास्त वेळा फसते. एखाद्या रविवारी मोठं अर्पण जमतं, माणूस पाठवला जातो आणि काही महिन्यांत हप्ते थकतात. तो तेव्हा भाषा शिकत असतो आणि अर्ध्यावर परततो. म्हणून स्वतंत्र खातं उघडा, निदान सहा महिन्यांचा खर्च साठल्याशिवाय पाठवू नका, आणि मानधनाबरोबर मुलांची फी, आरोग्यविमा, प्रवास हेही त्यात धरा. खजिनदाराने दर तीन महिन्यांनी हिशोब पंचकमिटीपुढे ठेवावा. पंधरा जणांची दहा दिवसांची «मिशन ट्रिप» बहुधा हाच निधी खाऊन टाकते.

«मिशन म्हणजे वसाहतवाद.»

मिशनरी साम्राज्याच्या सावलीत वावरले आणि काहींची वागणूक मालकाची होती, हे मान्य केलंच पाहिजे. पण कंपनी सरकारने मिशन आणलं, हे खोटं. इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी आपलं ठाणं बंगालमधल्या सेरामपूरला थाटलं, कारण ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भारतीयांनी स्वतः हे काम उचललं. तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्तींनी 1903 मध्ये आपली मिशनरी संस्था काढली आणि तेलुगू भाषिक डोर्नाकल भागात माणसं पाठवली. व्ही. एस. अझरया तिच्या संस्थापकांपैकी एक. 25 डिसेंबर 1905 रोजी सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसं, पैसा आणि व्यवस्थापन, तिन्ही भारतीय. 1910च्या एडिनबरा इथल्या जागतिक मिशनरी परिषदेत अझरयांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली. मराठी मंडळीने बाहेर जाताना हाच धडा घ्यावा: स्थानिक माणसाच्या हाताखाली काम करा, आणि दवाखाना किंवा शाळेच्या मदतीला धर्मांतराची अट कधीही जोडू नका.

«मोबाइल आहे की.»

याचं उत्तर मराठी बायबलच्याच इतिहासात आहे. सेरामपूरहून 1811 मध्ये मराठी नवा करार निघाला. मुंबईकडच्या वाचकांना त्याची भाषा जुळेना. म्हणून अमेरिकन मिशनने मुंबईत राहून पुन्हा भाषांतर केलं आणि 1826 मध्ये नवा करार छापला. दुरून केलेलं काम जिथे वाचायचं तिथेच अडलं.

आजही क्रम बदललेला नाही: आधी लिपी आणि शब्दसंग्रह, मग कच्चं भाषांतर, गावात मोठ्याने वाचन, ऐकणाऱ्यांना प्रश्न, उलट भाषांतर (म्हणजे ते पुन्हा ओळखीच्या भाषेत आणून अर्थ पडताळणं), सल्लागाराची तपासणी, दुरुस्ती. अॅप याला वेग देतं. पण आजीला एखादा शब्द का खटकला, हे ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

मेसेजमध्ये नसलेली खरी अडचण कायद्याची आहे. धर्मादाय ट्रस्टने परदेशात केलेल्या खर्चाला करसवलत आपोआप मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला 2020च्या दुरुस्तीपासून मनाई आहे. नेपाळमध्ये धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे पहिलं पाऊल देशातल्याच दुसऱ्या भाषेच्या प्रांतात टाका. त्याआधी ट्रस्टच्या उद्देशांत हे काम बसतं का, हे वकील आणि लेखापरीक्षकाकडून तपासून घ्या.