फुटाला १४ रुपये कुणाला परवडतात?

आजकाल फरशी बसवायच्या मजुरीचा चौरस फुटाचा भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, "अमका मिस्त्री १४ रुपयांत करायलाय, तुम्ही २० कसे काय मागता?" दोन बाय दोनची टाइल, साधं सिमेंट-वाळूचं काम. यावर मनात आहे ते आज लिहितोच.

मंदी खरी आहे. आपल्याकडं लातूर-नांदेड पट्ट्यात घराचं काम सोयाबीनच्या पैशावर चालतं. माल विकला की माणूस राहिलेल्या खोलीत फरशी टाकतो. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं रानं खरडून नेली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये होता, पण भिजलेल्या मालाला आडतीवर तो कुठला मिळायला? कितीतरी घरं प्लास्टरवर येऊन थांबलीत. अशा वेळी मालक घासाघीस करतो, त्याचा मला राग येत नाही. जीव तुटतो तो आपल्याच मिस्त्री भावांसाठी, जे हिशोब न मांडता हो म्हणून बसतात.

हिशोब मांडून बघा. एक मिस्त्री, एक बिगारी, दिवसाला १३० फूट चांगलं काम. १४ नं झाले १८२०. त्यातून बिगाऱ्याचे ७००, पेट्रोल, ब्लेड आणि मशीनची झीज मिळून २५०. हातात ८७०. दुसऱ्याच्या हाताखाली रोजानं गेलात तर हजार-अकराशे मिळतात आणि गुत्त्याची, म्हणजे ठेक्याची, जोखीम डोक्यावर नसते. २० नं केलं तर १६५० उरतात, पण पावसाचे आणि माल न आल्याचे रिकामे दिवस त्यातूनच भरून काढायचे असतात.

मग १४वाला जगतो कसा? १३०च्या जागी २०० फूट ओढून. खाली मालाची गादी सारखी पसरत नाही, टाइलच्या चार कोपऱ्यांना माल लावतो आणि दाबून मोकळा होतो. टाइल मधोमध पोकळ वाजते, वर सिलिंडर आपटला की तडकते. न्हाणीचा ढाळ काढायला वेळ जातो, म्हणून तिथं पाणी साचतं. भिंतीला व्हिट्रिफाइड लावायची असेल तर आणखी अवघड. ती टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, नुसती सिमेंटची रबडी तिला धरत नाही, टाइल चिकटवायचं केमिकलच लागतं. मालकानं केमिकलचे पैसे वाचवले आणि मिस्त्री गप्प राहिला, तर पडलेल्या टाइलला नाव मिस्त्रीचंच लागतं.

काहीजण म्हणतात, बाहेरच्या राज्यातल्या लोकांनी भाव पाडला. मला हे पटत नाही. ते घरदार सोडून येतात, साईटवर झोपतात, त्यांनाही गावी पैसे पाठवायचे असतात. भाव हिशोब न करणारा पाडतो, मग तो कुठलाही असो.

गिऱ्हाइकाला स्वस्त पाडायचे मार्ग आहेत, आणि ते आपणच सांगायला पाहिजेत. चार बाय दोनच्या मोठ्या टाइलचा हट्ट सोडला तर मजुरीही कमी, तुटफूटही कमी. जुनी शहाबादी उखडायची आणि नवी टाइल वरच्या मजल्यावर वाहून न्यायची ही कामं घरच्या माणसांनी करावीत, तेवढे पैसे मी सोडतो. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, रनिंग फुटानं (नुसत्या लांबीवर) वेगळं, पायऱ्या वेगळ्या, ओटा वेगळा, हे सगळं आधी कागदावर लिहून द्यायचं. नाहीतर २०चा भाव शेवटच्या मोजमापाला आपोआप १५ होतो.

आणि उधारी. "सोयाबीन विकल्यावर देतो" म्हणणारा माणूस खोटारडा नसतो, त्याची खरंच अडचण असते. पण बिगाऱ्याला शनिवारी पैसे लागतात. म्हणून माझे दोन भाव आहेत: खोली झाली की लगेच पैसे, तर १८. पिकावर ठेवायचे असतील, तर २० आणि बिगाऱ्याची मजुरी आधी. उघड सांगितलं की लोकांना पटतं.

घरकुलाला मी १६ घेतो. २६९ फुटांचं घर, सरळ खोल्या, कटिंग कमी, सरकारकडून सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार. तिथं कमी घ्यायला कारण आहे आणि ते मी मालकाला सांगतो, म्हणजे शेजारचा बंगलेवाला तोच भाव मागायला आला तर उत्तर तयार असतं. गादी आणि ढाळ मात्र तिथंही पूर्ण, त्यात एक रुपयाही कमी करत नाही.